लेझरच्या आधीचे चार आठवडे

तुळशीची लग्नं लागली की माझ्या मोबाईलवर दर वर्षी एक ठराविक प्रश्न यायला लागतो. मावसबहीण, चुलतबहीण, वहिनीची बहीण, लातूरच्या शाळेतली मैत्रीण... विचारणारी बदलते, प्रश्न तोच. "लग्न मेमध्ये आहे, मार्चमध्ये लेझर करून घेऊ का गं? तयारी काय करावी लागते?"

मी काही डॉक्टर नाही. हिंजवडीतल्या एका हापिसात बसून दुसऱ्यांच्या कोडमधले किडे काढणे हा माझा धंदा. पण माहेर लातूर, आजोळ नांदेड, आणि हनुवटीवरच्या लेझरच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण करून झालेल्या, त्यामुळे आमच्या गोतावळ्यात या विषयातली सीनियर मीच. तेव्हा दर वेळी तेच तेच टाईप करण्यापेक्षा या विकांताला एकदाच नीट लिहून टाकते.

क्लिनिकमध्ये तयारीचा एक कागद मिळतो. त्यावर साधारण पाच ओळी असतात. ऊन टाळा. वॅक्सिंग, थ्रेडिंग, प्लकिंग बंद करा. आदल्या दिवशी शेव्ह करून या. त्या दिवशी क्रीम, डिओ, मेकअप लावू नका. चालू असलेली औषधं सांगा. बस. एटीएमवरच्या सूचनांसारखा सोपा कागद. आणि तो फक्त त्या मुलीच्या हातात देतात, गडबड तिथेच आहे. माझं स्पष्ट मत असं, की हा कागद घरातल्या प्रत्येकाला वाचायला द्यायला हवा. कारण यातल्या अवघड ओळी त्या मुलीला एकटीला पाळताच येत नाहीत. त्या आई, मावशी, भाऊ, शेजारच्या काकू, सगळ्यांनी मिळून पाळायच्या असतात.

कसं ते सांगते. आधी थोडं विज्ञान, घाबरू नका, दोन मिनिटांत संपेल.

लेझरचा प्रकाश काळा रंग शोधतो. केसातलं मेलॅनिन तो प्रकाश पितं, तापतं, आणि ती उष्णता केसाच्या मुळाशी जाऊन केस उगवणारी यंत्रणा निकामी करते. एका ठराविक रंगावर, ठराविक वेळापुरता प्रकाश टाकून फक्त तेवढाच भाग जाळायचा, आजूबाजूला धक्का लावायचा नाही, ही कल्पना रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी १९८३ साली मांडली. पहिला लेझर त्याच्याही आधीचा, १९६० मधला, थिओडोर मेमन यांचा. केसांसाठी लेझर प्रत्यक्ष दवाखान्यात आला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर.

आता यातून त्या पाच ओळी आपोआप निघतात. मूळ जागेवर हवं, कारण उष्णता मुळापर्यंत केसातूनच जाते. वॅक्स किंवा थ्रेडिंग केलं की मूळच उपटलं जातं, मग प्रकाश तापवणार काय? म्हणून चार ते सहा आठवडे उपटणं बंद. आणि कातडीच्या वर केस नको, कारण वरचा केस जळला की चटका कातडीला बसतो. म्हणून आदल्या दिवशी रेझर. पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, म्हणून पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, कितीही मोठं पॅकेज घ्या. केस एकाच वेळी सगळे वाढीच्या टप्प्यात नसतात, आणि लेझरचा उपयोग वाढीच्या टप्प्यातल्या केसांवरच होतो, म्हणून एका फेरीत काम होत नाही, सहा ते आठ लागतात.

राहिला उन्हाचा मुद्दा. मेलॅनिन फक्त केसातच नसतं ना, ते आपल्या कातडीतही असतं. मशीनला कुठे माहीत, हा काळा केसाचा आणि हा सावळा कातडीचा! उन्हानं रापलेल्या कातडीत मेलॅनिन वाढलेलं असतं, प्रकाश तीच पिते, आणि मग फोड, काळे डाग, कधी पांढरे डाग. गोऱ्या कातडीवर काळा केस ही लेझरची आवडती जोडी. सुरुवातीची मशीनं त्याच हिशेबानं बनलेली. कातडीचे प्रकार मोजायची जी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी डॉक्टर वापरतात, ती १९७५ साली बनली तेव्हा तिच्यात सावळ्या आणि काळ्या कातडीचे वेगळे प्रकारच नव्हते, पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. म्हणजे आपण या सिस्टीमचे नंतर आलेले युजर. आपल्यासाठी पॅच नंतर निघाला :)

तो पॅच म्हणजे जास्त तरंगलांबीचे लेझर. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग सावळ्या आणि काळ्या कातडीला सगळ्यात सुरक्षित समजला जातो, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरातल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. ८०० ते ८१० च्या आसपासचा डायोड आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असतो, नीट हाताळला तर तोही चालतो. ७५५ चा अलेक्झांड्राइट मुख्यतः उजळ कातडीसाठी. आणि आयपीएल हा लेझरच नव्हे, तो वेगवेगळ्या तरंगलांबींचा मिळून झोत असतो. त्यामुळे तयारीतली एक ओळ मी त्या कागदावर स्वतःहून वाढवते: तिथे जाऊन विचारायचं, "मशीन कोणतं आहे?" उत्तर "इम्पोर्टेड आहे मॅडम" असं आलं तर नमस्कार करून जिना उतरायचा.

तर, ऊन. जालावर या विषयावरचे लेख वाचा, बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की बीचवरच्या सुट्टीनंतर लगेच लेझर करू नका. हे वाचून मला दर वेळी हसू येतं. त्यांच्याकडे ऊन म्हणजे सुट्टी. आपल्याकडे ऊन म्हणजे हजेरी! नांदेडला मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि लातूर काही फार मागे नसतं. कॉलेजला जाणारी पोरगी, बँकेत कारकून असलेली, आशाताई, शिक्षिका, शेतावर जाणारी... यांना 'ऊन टाळा' म्हणणं म्हणजे माशाला पाणी टाळ म्हणण्यासारखं.

पण टाळता येत नसलं तरी कमी करता येतं, आणि त्यात आपल्या मुली तशा तयार आहेत. डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ, सनकोट, हातमोजे, हा गणवेश घालून वजिराबादेत किंवा गंजगोलाईच्या गर्दीत स्कूटीवर फिरणाऱ्या मुलींना कुणी चंबळच्या म्हणून चिडवायचं ते चिडवो, लेझरच्या दृष्टीनं त्या शहाण्या आहेत. फक्त स्कार्फवर सगळा भरवसा ठेवू नका. आत सनस्क्रीन हवंच, एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. घामानं ते वाहून जातं आणि आपल्याकडे घामाला तोटा नाही. आणखी एक खास मराठवाडी सूचना. सकाळच्या यष्टीनं नांदेडहून लोहा-अहमदपूर-चाकूर करत लातूरला येणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा. सकाळचं ऊन डावीकडून येतं आणि तीन तास एकाच गालावर पडतं. काच लावली तरी पूर्ण सुटका नाही, कातडी रापवणारे यूव्हीए किरण साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात.

इथवर ठीक आहे. एवढं तर एकटीनं जमतं. आता ती दुसरी ओळ. थ्रेडिंग बंद.

हातापायांचं ठीक, सलवार आणि लांब बाह्यांत लपतं. चेहऱ्याचं काय? जिच्या हनुवटीवर, गालावर, ओठांवर दाट केस येतात, ती दर दहा-पंधरा दिवसांनी पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसते. कुणाला कळू नये म्हणून तर बसते! तिला आपण सांगतो की चार आठवडे, शक्यतो सहा, हात लावू नकोस. म्हणजे जे लपवायला ती आयुष्यभर धडपडली, ते महिनाभर घेऊन क्लासला जा, हापिसात जा, हळदीकुंकवाला जा. आणि आपली गावं कशी आहेत ते सांगायला नको. "अगं माय, हे काय गं तोंडावर? पार्लरला जात नाहीस का?" हे विचारायला काकूंना परवानगी लागत नाही.

परिणाम काय होतो? पोरगी तीन आठवडे कशीबशी काढते, चौथ्या आठवड्यात कुणीतरी बोलतं, आणि ती गुपचूप धागा फिरवून येते. लेझरची ती फेरी मग वाया, पैसे पाण्यात. मग लोक म्हणतात लेझरचा काही उपयोग नाही.

गंमत म्हणजे यावर उपाय अगदी सोपा आहे, आणि तो त्याच कागदावर लिहिलेला आहे. रेझर! उपटणं बंद, कापणं चालू. चार आठवडे रोज सकाळी चेहऱ्यावरून हलकं रेझर फिरवलं तरी मुळाला धक्का लागत नाही, लेझरचं काही बिघडत नाही. म्हणजे ज्या महिन्याची एवढी भीती वाटते तो महिना मुळात केस घेऊन मिरवायची गरजच नाही.

पण रेझर म्हटलं की आपल्या घरात भूकंप. "काय करायलीस गं ते घेऊन? दाढी येईल दाढी, बापासारखी!" माझ्या आजोळी ही ओळ मी स्वतः ऐकलेली आहे, बाथरूमच्या दारातून, खणखणीत आवाजात. आजीचा दोष नाही, तिला तिच्या आजीनं सांगितलं. पण हे खरं नाही. रेझरनं केस दाट होतात का, हे १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी मोजून पाहिलं होतं, आणि उत्तर होतं, नाही. जवळपास शंभर वर्षं झाली त्याला! केसाचं टोक निमुळतं असतं, रेझरनं ते बोथट कापलं जातं, म्हणून हाताला खरखरीत आणि डोळ्याला जाड दिसतं. केस तोच, तेवढाच. रेझरनं जर केस दाट झाले असते तर टकलावर रोज रेझर फिरवून आपल्या समस्त काका-मामांनी झुलपं वाढवली नसती का?

म्हणून मी म्हणते की तो कागद आईला वाचायला द्या. लेझरच्या तयारीतली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पंचवीस-तीस रुपयांचं रेझर, आणि त्याहून मोठी म्हणजे ते बाथरूममध्ये उघड ठेवायची मोकळीक. भावाचं चालतं, बाबांचं चालतं, मग हिचंच का लपवायचं?

काही जणी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ! त्यांना २०२४ च्या एप्रिलची आठवण करून देते. उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिली आलेली मुलगी, ९८.५ टक्के. तिचा फोटो छापून आला आणि लोकांनी तिचे मार्क सोडून तिच्या ओठांवरचे केस मोजले. देशभर. दहावीतली पोर ती! आम्हा लातूरकरांना तर हे जास्त लागायला हवं, कारण निकालाच्या दिवशी गुणवंतांचे फोटो लावण्यात आपला हात धरणारं गाव नाही. लातूर पॅटर्न म्हणून मराठवाड्यातल्या कानाकोपऱ्यातून पोरी इथे येतात, ट्यूशन एरियातल्या होस्टेलवर राहतात, नीटचा अभ्यास करतात. सतराव्या-अठराव्या वर्षी, आईपासून लांब, खोलीत आरसा एक आणि पाहणाऱ्या चौघी. फ्लेक्सवर आपला फोटो लागेल या विचारानं आनंदाऐवजी धास्ती वाटणारी एखादी तरी तिथे आत्ता नक्की असेल. तिला काय हवंय, लेझर की आणखी काही, ते तिनं ठरवावं. पण तिला आधी कुणीतरी नीट माहिती तर द्या.

आणि माहितीतली पहिली पायरी म्हणजे, हे केस आले कुठून? लेझरच्या खुर्चीत बसण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा. काहींच्या घराण्यातच असतात, त्याला काही कारण नाही. पण पाळी मागेपुढे होते, वजन वाढतंय, पुरळ येतंय आणि हनुवटीवर राठ केस, असं सगळं एकत्र असेल तर पीसीओएस असू शकतो. मग रक्तातली हार्मोन्स, थायरॉईड, गरज पडली तर सोनोग्राफी, हे आधी. मूळ कारण तसंच ठेवून वरून लेझर मारत राहिलं तर नवे केस येतच राहतात. म्हणजे सर्व्हरवरचा बग तसाच ठेवून रोज सकाळी रीस्टार्ट मारण्यासारखं. शिवाय चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या कातडीत आणि हार्मोन्सचा त्रास असताना, कधीकधी लेझरनंतर केस कमी व्हायच्या ऐवजी आजूबाजूला वाढल्याचंही डॉक्टरांना दिसलेलं आहे. नेहमी होत नाही, पण होतं. हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला समजायचा.

दुसरं एक कारण आपणच विकत आणतो. गोरं होण्याची मलमं! मेडिकलवरून सहज आणलेल्या अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉईड असतं. महिनोन्महिने चेहऱ्याला चोळलं की कातडी पातळ होते, लाल होते, आणि केस वाढतात. हो, केस वाढतात. म्हणजे गोरं व्हायला ट्यूब, ट्यूबनं आलेले केस काढायला लेझर, आणि पातळ झालेल्या कातडीवर लेझरनं डाग. अशी स्टेरॉईड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारनं २०१८ साली कडक केला, पण ट्यूब शेजारणीकडून मिळते, तिला कुठली चिठ्ठी लागते? तेव्हा 'चालू औषधं सांगा' या ओळीत ही ट्यूब मोडते. पिंपल्सच्या गोळ्या, पाळीच्या गोळ्या, ओठावर वारंवार येणारी नागीण, दिवस गेलेले असणं, हेही मोडतं. हातावर लेझर असेल तर नुकतीच काढलेली मेंदीसुद्धा. लाजायचं नाही, सगळं सांगायचं.

पण सांगायचं कुणाला? इथे आपल्याकडची एक भारी अडचण आहे. कातडीच्या डॉक्टरच्या दारावर पाटी असते, 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. शिक्षणच तसं एकत्र असतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या नावातसुद्धा त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग तिन्ही आहेत. डॉक्टर लोकांना त्यात काही वाटत नाही. पण लग्नाच्या वयाची मुलगी नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये त्या पाटीखालून जिना चढताना वडिलांच्या मित्रानं पाहिली तर? त्यापेक्षा पार्लर बरं, तिथे आयब्रोला आले म्हणता येतं. आणि मग पार्लरमध्येच कोपऱ्यात पडदा लावून ठेवलेल्या मशीनखाली ती जाते. माझ्या एका नातेवाईक मुलीच्या मांडीवर अशाच एका पडद्यामागचे चट्टे वर्षभर होते. काय मशीन होतं, किती ताकदीवर लावलं, कुणाला काही सांगता आलं नाही. पाटीची लाज चट्ट्यापेक्षा महाग पडते, एवढंच म्हणते.

सोबत जाणारं कुणी असलं तर पाटी बोचत नाही. आईनं जावं, वहिनीनं जावं, भावानं स्कूटीवर सोडावं आणि खाली चहा पीत थांबावं. लातूर आणि नांदेड दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. केस कुठून आले हा प्रश्न विचारायला त्वचारोगाची ओपीडी चांगली. मशीन कुठलं, केव्हा, हे नंतर.

डॉक्टर ठरला की टेस्ट पॅच मागायचा. छोट्या जागेवर एकदा मारून, काही दिवस थांबून बघायचं, कातडी काय म्हणते. आमच्या धंद्यात कुणी न तपासलेला कोड थेट प्रॉडक्शनवर टाकला तर त्याला पार्टी द्यावी लागते, आणि इथे तर तुमचा चेहरा प्रॉडक्शन आहे! मशीन कोण चालवणार, त्या वेळी डॉक्टर इमारतीत असतील का, भाजलं तर पुढे काय, हेही विचारून घ्यायचं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, आणि भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत लेझर कुणी करतो म्हटलं तर चक्क नाही म्हणायचं.

आणखी एक, जरा गंभीर. दुखू नये म्हणून बधिर करणारं क्रीम घरीच फासून, वर प्लॅस्टिक गुंडाळून यायला काही ठिकाणी सांगतात. अमेरिकेच्या एफडीएनं २००७ साली यावर इशारा दिला होता, कारण लेझरच्या आधी दोन्ही पायांना असं क्रीम लावून प्लॅस्टिक गुंडाळलेल्या दोन मुली, एक २२ वर्षांची आणि एक २५ वर्षांची, झटके येऊन कोमात गेल्या आणि दगावल्या. क्रीम मोठ्या भागावर, जाड थरात, झाकून ठेवलं की औषध रक्तात उतरतं. क्रीम लागलंच तर डॉक्टरसमोर, त्यांनी सांगितलं तेवढंच. लेझरचा चटका रबरबँड ओढून सोडल्यासारखा असतो, सहन होतो. मला झाला, आणि मी इंजेक्शन बघून रडणारी आहे.

आता मूळ प्रश्नावर येऊ. "लग्न मेमध्ये, मार्चमध्ये करू का?" चला, रिलीज डेटवरून उलटं मोजू. लग्न मेच्या मध्यावर. हळद, ऊन, मेकअप, धावपळ, म्हणून शेवटची फेरी त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलच्या मध्यावर. आठ फेऱ्या धरल्या तर मध्ये सात अंतरं, प्रत्येकी साधारण सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस आठवडे. पहिली फेरी आली आदल्या वर्षीच्या जूनच्या शेवटी. त्याच्या चार आठवडे आधीपासून थ्रेडिंग बंद, म्हणजे मेच्या शेवटी. त्याच्याही आधी तपासण्या आणि टेस्ट पॅच. म्हणजे बरोब्बर एक वर्ष! यात एक बरं आहे, की पहिल्या फेऱ्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पडतात, ढग आणि स्वेटर दोन्ही मदतीला. मार्चमध्ये सुरू केलं तर लग्नाआधी जेमतेम दोन फेऱ्या, त्याही ऐन उन्हात, आणि डाग पडलाच तर अल्बममध्ये कायमचा. आणि वर्षभर करूनही केस शून्य होत नाहीत हं. एफडीए सुद्धा याला 'कायमची घट' म्हणू देते, 'कायमचं निर्मूलन' नाही. पीसीओएस असेल तर नंतरही अधूनमधून जावं लागतं.

पण हे वर्षाचं गणित सांगितलं की पलीकडून नेहमी एकच उत्तर येतं. "वर्षभर आधी कुठे माहीत असतं गं लग्न ठरणार ते?" बरोबर! आणि म्हणूनच माझं म्हणणं असं, की लग्न ही या कामाची रिलीज डेट नसावीच. प्रोजेक्टमध्ये आम्ही पहिला प्रश्न विचारतो, रिक्वायरमेंट कुणाची? पाहायला येणाऱ्यांची असेल, होणाऱ्या सासूबाईंची असेल, तर ती बदलत राहणार. आज हनुवटी, उद्या रंग, परवा वजन. स्वतःची असेल, म्हणजे रोज सकाळी आरशासमोर जाणारी वीस मिनिटं वाचवायची आहेत, वॅक्सनं येणारे फोड नको झालेत, मनातली टोचणी संपवायची आहे, तर जरूर करावं. मी त्याचसाठी केलं आणि मला बरं वाटलं. एखाद्या मुलग्यानं दाढीच्या खालचे रुतणारे केस लेझरनं काढले तर त्याला कुणी पत्रिका विचारत नाही, तेवढीच मोकळीक हिला मिळावी.

आणि रिक्वायरमेंट नसेलच, तर? नांदेडकरांनी तरी हे उत्तर शोधायला लांब जायला नको. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला ते हे गाव. केस हे देणं आहे, ते जसे आले तसे सांभाळायचे, असं मानणारा समाज इथे तीनशेहून जास्त वर्षं आपल्या शेजारी राहतो. २०१२ साली अमेरिकेत बलप्रीत कौर नावाच्या शीख विद्यार्थिनीचा, चेहऱ्यावर केस असलेला फोटो कुणीतरी नकळत काढून चेष्टेसाठी जालावर टाकला. तिनं न चिडता, आपण हे केस का काढत नाही ते शांतपणे लिहिलं, आणि शेवटी फोटो टाकणाऱ्यानंच माफी मागितली. सगळ्यांनी तसंच राहावं असं मी म्हणत नाही, मी स्वतः राहिले नाही. पण केस असणं ही आपत्ती आहे हे गृहीत धरून सुरुवात करायची गरज नाही, एवढं तरी गोदावरीकाठच्या माणसांना कळायला हवं.

असो. खूप लांबलं. तर मुलींनो, तुमच्या बाजूची तयारी वर सांगितली. रेझर, सनस्क्रीन, खरं सांगणं, टेस्ट पॅच, आणि वेळ. घरच्यांच्या बाजूची तयारी त्याहून छोटी आहे. बाथरूममध्ये रेझर दिसलं तर आरडाओरडा करू नका. दवाखान्यात सोबत जा. आणि चार आठवडे, फक्त चार आठवडे, तिच्या चेहऱ्याबद्दल काही बोलू नका. जमलं तर त्यानंतरही नका बोलू.